बघणाऱ्याचाही गुन्हा असतो

११ जानेवारी २०२४ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने एक खटला रद्द केला. चेन्नईतल्या अंबत्तूरच्या महिला पोलीस ठाण्यात नोंदलेला हा गुन्हा होता. २८ वर्षांच्या एका तरुणाच्या मोबाइलमध्ये लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या दोन चित्रफिती सापडल्या होत्या. त्या त्याने दुसऱ्या कुणाला पाठवल्याचा पुरावा नव्हता. त्याने त्या खासगीत पाहिल्या, म्हणून गुन्हा घडलेला नाही, असे न्यायालयाने ठरवले. आजच्या तरुण पिढीला अश्लील चित्रफितींचे व्यसन लागले आहे, तिला दोष देत बसण्यापेक्षा समाजाने तिला समजुतीने शिकवावे, असेही निकालात सुचवले होते. आठ महिन्यांनी, २३ सप्टेंबर २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाचे तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. जमशेद पारडीवाला यांच्या खंडपीठाने हा निकाल रद्द ठरवला आणि खटला पुन्हा उभा केला.

न्यायालयापुरता वाद तिथे मिटला, पण त्यामागचा विचार मात्र अजून मूळ धरून आहे. चांगली शिकली-सवरलेली माणसे आजही विचारतात, ‘त्याने नुसते पाहिले, कुणाचे काय बिघडले?’ हेच लोक पुढे म्हणतात की कायदे भरपूर आहेत, नवे कशाला, मुलांकडे आईबापांनी बघावे आणि सरकारला आपल्या फोनमध्ये डोकावू देऊ नये. यातल्या शेवटच्या हरकतीत तथ्य आहे आणि तिला मी नीट उत्तर देणार आहे. बाकीच्या माझ्या मते चूक आहेत, आणि त्या चुकीची किंमत मुले मोजत आहेत.

‘नुसते पाहणे’ म्हणजे काय, ते आधी पाहू. त्या दोन चित्रफिती आकाशातून पडलेल्या नाहीत. कुठल्या तरी खोलीत एका खऱ्या मुलावर अत्याचार झाला, तिथे कुणीतरी कॅमेरा धरला, आणि तो धरला कारण पलीकडे बघणारा आहे हे त्याला ठाऊक होते. असे अनेक अत्याचार चित्रणासाठीच होतात. काही ठिकाणी तर पैसे भरणारा गिऱ्हाईक पडद्यासमोर बसून पुढे काय करायचे ते सांगत असतो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला आपला फौजदारी कायदा शिक्षा करतो. त्याने घर फोडलेले नसते, पण त्याच्यासारखे घेणारे आहेत म्हणून घरे फुटतात, हे आपल्या पूर्वसुरींना कळत होते. मग लेकरांच्या बाबतीत ते कळेनासे का होते?

आणि पाहण्याने मुलाचे काही बिघडत नाही, हे तर सरळ खोटे आहे. अमेरिकेतल्या एका मुलीवर वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी तिच्या काकाने अत्याचार केले आणि त्यांची चित्रे काढली. उपचारांनी ती पुष्कळ सावरली होती. सतराव्या वर्षी तिला कळले की ती चित्रे इंटरनेटवर फिरत आहेत, हजारो अनोळखी माणसे ती पाहत आहेत, आणि ती पुन्हा कोसळली. तिच्या चित्रांपैकी फक्त दोन बाळगणाऱ्या एका माणसाविरुद्ध नुकसानभरपाईचा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१४ मध्ये त्या न्यायालयाने म्हटले की अशा माणसाने तिच्या हानीत वाटा उचललेला आहे आणि त्या प्रमाणात त्याने भरपाई दिली पाहिजे. तिथेही प्रश्न दोनच चित्रांचा होता. रस्त्यात समोरून येणाऱ्या माणसाने आपल्याला त्या अवस्थेत पाहिले असेल का, या विचाराने ज्या मुलीला घराबाहेर पडवत नाही, तिला जाऊन कुणी सांगावे की पाहणाऱ्याने तुझे काही बिघडवले नाही.

मद्रासच्या निकालात विचाराच्या चुकीबरोबर वाचनाचीही चूक होती. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६७-ब असे साहित्य प्रसिद्ध करणाऱ्यापाशी आणि पाठवणाऱ्यापाशी थांबत नाही. ते तयार करणे, गोळा करणे, शोधणे, चाळणे, डाउनलोड करणे, त्याची देवाणघेवाण करणे, हे सारे त्या कलमात शब्दशः लिहिलेले आहे. पहिल्याच दोषसिद्धीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. शिवाय त्या निकालाने आधार घेतला होता केरळ उच्च न्यायालयाच्या एका निर्णयाचा, जो प्रौढांच्या अश्लील चित्रफिती खासगीत पाहण्याबद्दल होता. सज्ञान माणसाने सज्ञान माणसांचे चित्रण पाहणे हा नीतीचा विषय असेल, त्यावर वाद घालता येईल. मुलाच्या बाबतीत तो वादच संभवत नाही, कारण पडद्यावर चाललेला असतो तो प्रत्यक्ष गुन्हा.

सर्वोच्च न्यायालयाने पोक्सोच्या, म्हणजे लैंगिक अपराधांपासून मुलांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या, कलम १५ ची जी उकल केली, ती प्रत्येक वकिलाने आणि तपास अधिकाऱ्याने मुळातून वाचावी. हे कलम २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीन पायऱ्यांचे आहे: पाठवण्याच्या हेतूने बाळगणे, पाठवण्यासाठी किंवा पसरवण्यासाठी बाळगणे, आणि व्यापारासाठी बाळगणे. न्यायालय म्हणाले, या तिन्ही पायऱ्या स्वतंत्र गुन्हे आहेत, आणि पहिलीवर प्रत्यक्ष पाठवल्याचा पुरावा लागत नाही. साहित्य हाती आल्यावर ते नष्ट केले नाही, कळवले नाही, जपून ठेवले, यावरून हेतू गृहीत धरता येतो. तो नव्हता हे आरोपीने दाखवून द्यावे. डाउनलोड न करता पडद्यावर उघडून बघणाराही, त्या साहित्यावर त्याचा ताबा चालत असेल तर, बाळगणाराच ठरतो. अनोळखी लिंक चुकून उघडली आणि लगेच बंद केली, असा माणूस आणि असे साहित्य हुडकणारा माणूस यांतला फरकही न्यायालयाने ध्यानात ठेवला आहे. त्यामुळे आता निष्पापांना अडकवतील, ही ओरड निकाल न वाचता केलेली आहे.

‘मग झाले तर, कायदे आहेतच की,’ असे कुणी म्हणेल.

आहेत, पण कसे आहेत? पोक्सोच्या त्याच पहिल्या पायरीला शिक्षा आहे किमान ५,००० रुपये दंड, आणि गुन्हा पुन्हा केला तर किमान १०,०००. कैद नाहीच. एकाच कृत्याला एक कायदा पाच वर्षे सांगतो आणि दुसरा दंडाची पावती फाडून सोडतो. मुलांसाठी म्हणून खास केलेला कायदा त्या दोहोंत नरम असावा, हे मला कोणत्याही युक्तिवादाने पटलेले नाही.

अंमलबजावणीकडे पाहिले की ‘भरपूर कायदे’ हा शब्दप्रयोग तोंडात अडखळतो. अमेरिकेतल्या कंपन्यांना आपल्या सेवेवर असे साहित्य आढळले की त्यांनी ते तिथल्या नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रन या संस्थेला कळवणे तिथल्या कायद्याने बंधनकारक आहे. २०१९ च्या करारानुसार भारताशी जोडलेल्या सूचना आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे येतात आणि तिथून राज्यांकडे जातात. २०२२ मध्ये भारताशी जोडलेल्या अशा सूचना ५६ लाखांवर होत्या. त्याच वर्षी देशभरात मुलांविरुद्धच्या सायबर गुन्ह्यांची नोंद झाली १,८२३. हे दोन आकडे एकास एक जुळणारे नाहीत, हे मला मान्य आहे. एकच चित्रफीत हजारांनी पाठवली की हजार सूचना होतात, आणि काही जण आपले ठिकाण लपवून भारतातले दाखवतात. ही सगळी वजाबाकी करा. तरीही लाखांतून दोन हजारांखाली येताना वाटेत काय गळून पडते, याचे उत्तर कुणाला तरी द्यावे लागेल.

जे थोडेफार झाले, तेही कुणी तरी पाठपुरावा केला म्हणून झाले. हैदराबादच्या प्रज्वला संस्थेने २०१५ मध्ये बलात्काराच्या चित्रफिती सोशल मीडियावर फिरत असल्याचे पत्र सर्वोच्च न्यायालयाला पाठवले, न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि त्या सुनावण्यांनंतर २०१८ मध्ये केंद्राचे सायबर गुन्ह्यांचे पोर्टल उघडले. मुंबईत आरंभ इंडियाने २०१६ मध्ये ब्रिटनच्या इंटरनेट वॉच फाउंडेशनच्या मदतीने अशी चित्रे कळवण्याची सोय सुरू केली. महाराष्ट्र सायबरने २०२० मध्ये ‘ऑपरेशन ब्लॅकफेस’ राबवले, सीबीआयने २०२१ मध्ये ‘ऑपरेशन कार्बन’ आणि २०२२ मध्ये ‘ऑपरेशन मेघचक्र’. या कामांचे मोल मोठे आहे. पण मोहीम चालते आणि संपते. ज्या कंपन्यांच्या यंत्रांवरून ही चित्रे रात्रंदिवस धावतात, त्यांच्यावर कायम बसणारी जबाबदारी वेगळी असते.

त्या जबाबदारीकडे येण्याआधी आईबापांचा मुद्दा. मुलांवर लक्ष ठेवावे, हे कुणालाही मान्य होईल. पण हा सल्ला देताना डोळ्यांसमोर कोणते घर असते? २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आपणच घरोघरी सांगितले की मुलाच्या हाती फोन द्या, नाहीतर त्याचे वर्ष बुडेल. लोकांनी कर्ज काढून फोन घेतले. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुले गावी आजीपाशी असतात. त्या आजीने चोवीस तासांत पुसले जाणारे संदेश तपासायचे काय? दोन पाळ्या करणाऱ्या बाईने खेळाच्या अ‍ॅपमधल्या गप्पांत शिरलेला तिशीचा ‘मित्र’ ओळखायचा कसा? शिकलेल्या, सुखवस्तू घरांतही हे साधत नाही. आज सर्रास घडते ते असे: मुलीच्या नावाने बोलणारा कुणी तेरा-चौदा वर्षांच्या मुलाकडून एक फोटो मिळवतो, आणि पुढच्या क्षणापासून पैसे दे, आणखी फोटो दे, नाही दिलेस तर शाळेच्या ग्रुपवर टाकतो, अशी धमकी सुरू होते. ते मूल ही गोष्ट सगळ्यांपासून लपवते, आणि सगळ्यांत आधी आईबापांपासून. त्याची शरम हेच समोरच्याचे हत्यार असते. शिवाय काही घरांत अत्याचार करणारा आणि चित्रण करणारा घरचाच असतो. तिथे ‘पालकांनी बघावे’ म्हणजे मुलाला त्याच्याच स्वाधीन करणे होय. पालकांची जबाबदारी आहे, पण ज्याच्या हाती यंत्र, माहिती आणि पैसा आहे त्याची जबाबदारी तिने माफ होत नाही.

याबाबत गोव्याची आठवण ठेवायला हवी. १९९१ मध्ये मडगावात फ्रेडी पीट्स याला अटक झाली. अनाथ मुलांचा आश्रयदाता म्हणून तो मिरवत होता. त्याच्याकडे मुलांची २,३०५ अश्लील छायाचित्रे सापडली. परदेशी गिऱ्हाइकांना तो मुले पुरवत होता. सामाजिक कार्यकर्त्या शीला बारसे यांनी चिकाटीने पाठपुरावा केला, आणि १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. त्याला अटक झाली तेव्हा आपल्याकडे लोकांच्या हाती इंटरनेट नव्हते. चित्र काढायला फिल्म लागे, ती धुवायला कुणीतरी लागे. गोव्याने यातून धडा घेतला आणि २००३ च्या बालकायद्यात लिहून ठेवले की छायाचित्रे धुऊन देणाऱ्याला त्यांत मुलांचे लैंगिक चित्रण आढळले, तर त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवल्यास कैद. फोटो स्टुडिओवाल्याने त्यावर ‘मी फक्त रसायनांचा धंदा करतो, आत काय आहे ते मला काय ठाऊक’ अशी तक्रार केली नाही, आणि केली असती तर आपण ऐकून घेतली नसती. पुढे पोक्सोनेही हॉटेले, स्टुडिओ आणि प्रसारमाध्यमांवर कळवण्याचे बंधन घातले. मग अब्जावधी चित्रे आपल्या यंत्रांतून नेणाऱ्या कंपनीला गल्लीतल्या स्टुडिओपेक्षा हलकी जबाबदारी कशी?

आपल्याकडे नेमके तेच झाले. २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम लिहिले गेले, तेव्हा मोठ्या समाजमाध्यमांनी मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचे साहित्य स्वतःहून ओळखणारी तंत्रे वापरण्याचा ‘प्रयत्न करावा’, अशी भाषा आली. प्रयत्न केला की नाही, हे कोण ठरवणार? आणि नियम अधिसूचनेने येतात, अधिसूचनेने बदलतात. हे कर्तव्य संसदेने मंजूर केलेल्या कायद्यात हवे, आणि न पाळण्याची शिक्षा त्याच पानावर हवी. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या निकालात एक दार उघडले आहे: कंपनीने परदेशातल्या संस्थेला कळवले म्हणजे तिचे काम संपले असे नाही, पोक्सोप्रमाणे इथल्या पोलिसांनाही कळवले पाहिजे, नाहीतर तिला कायद्याचे संरक्षण मिळणार नाही. ही गोष्ट कायद्याच्या मजकुरात आली तर प्रत्येक नव्या खटल्यात तिच्यावर पुन्हा वाद होणार नाही.

आता खासगीपणाची हरकत. ती करणारे लोक बहुधा सरळ हेतूचे आहेत आणि त्यांची भीती पोकळ नाही. सरकारांना नजर ठेवण्याची सवय लागते, आणि मुलांच्या नावाने उघडलेली खिडकी उद्या पत्रकारावर, विरोधकावर रोखली जाऊ शकते. २०२१ मध्ये अमेरिकेत एका बापाने आजारी बाळाच्या दुखऱ्या भागाचा फोटो डॉक्टरसाठी काढला. कंपनीच्या यंत्राने तो अत्याचार समजला आणि त्याचे खाते बंद झाले. पोलिसांनी त्याला निर्दोष ठरवल्यावरही ते खाते परत मिळाले नाही. हे घडलेले आहे, आणि जो कायदा याची तरतूद करत नाही तो मला नको.

पण या हरकतीतून ‘म्हणून काहीच करू नका’ हा निष्कर्ष निघत नाही. आधीच सापडलेल्या, आधीच ओळखलेल्या चित्रांचे अंकांतले ठसे काढून नव्या चित्रांशी ताडून पाहणारे तंत्र मायक्रोसॉफ्ट आणि प्रा. हनी फरीद यांनी २००९ मध्येच तयार केले. ते तुमचे पत्र वाचत नाही, कुटुंबाचे फोटो समजून घेत नाही. ठसा जुळला तरच घंटा वाजवते. त्या बापाच्या बाबतीत घंटा वाजवणारे यंत्र वेगळ्या जातीचे होते, नवे चित्र पाहून अंदाज बांधणारे. दोहोंची गल्लत करून सगळ्याच शोधाला बदनाम करणे योग्य नाही. आणि शोध थांबला की काय होते तेही जगाने पाहिले आहे. डिसेंबर २०२० मध्ये युरोपातले खासगीपणाचे नियम बदलले, त्यामुळे एका मोठ्या कंपनीने तिथला शोध थांबवला, आणि पहिल्या अठरा आठवड्यांत युरोपशी जोडलेल्या सूचना ५८ टक्क्यांनी घटल्या. त्या महिन्यांत मुलांचे हाल ५८ टक्क्यांनी कमी झाले, असे कुणीही म्हणणार नाही.

सर्वांच्या संदेशांच्या किल्ल्या सरकारकडे द्याव्यात, असे मी म्हणत नाही. त्याला माझाही विरोध आहे. पण कुलूपबंद संदेश न उघडताही पुष्कळ करता येते. अनोळखी प्रौढाला मुलाच्या खात्यावर संदेश पाठवताच येऊ नये, ही रचना मुळातच असावी. उघड जागांवर, साठवणीच्या ढगांत, सार्वजनिक ग्रुपांत ठसे ताडले जावेत. मुलाने किंवा पालकाने तक्रार केली की चित्र काही तासांत उतरावे, पुरावा मात्र जपला जावा. चूक झाली तर माणसाकडे दाद मागता यावी. आणि या यंत्रणेचा वापर दुसऱ्या कुठल्याही कामासाठी केला तर तोच गुन्हा ठरावा. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला तेव्हा तो फोन वापरणाऱ्या प्रौढांपुरता ठरवला नव्हता. जिचे विवस्त्र चित्र हजारो अनोळखी हातांत आहे, त्या मुलीचा खासगीपणा या वादात कुणी मोजतच नाही.

एका ठिकाणी मात्र कायदा सैल व्हायला हवा. सोळा-सतरा वर्षांच्या दोघांनी आपसांत, राजीखुशीने पाठवलेला फोटो आजच्या मजकुरात सापडू शकतो, आणि ज्याला वाचवायचे तोच आरोपी होऊ शकतो. या भीतीने धमकी खाणारे मूल पोलिसांत जात नाही. स्वतःचे चित्र काढणाऱ्या मुलावर कधीच गुन्हा लागू नये, हे स्पष्ट शब्दांत लिहिले जावे. याउलट, वर्गातल्या मुलीच्या साध्या फोटोवरून यंत्राकरवी नग्न चित्र बनवणारा ‘खरे मूल त्यात नाहीच’ म्हणून सुटू नये. २०१९ ची पोक्सोची व्याख्या संगणकाने घडवलेल्या हुबेहूब चित्रांना आणि फेरफार केलेल्या चित्रांनाही धरते. अशी चित्रे बनवण्यासाठीच विकल्या जाणाऱ्या साधनांवर मात्र वेगळी बंदी हवी.

आणि एक गोष्ट वाचकांपैकी अनेकांच्या फोनमध्ये घडते. मुलावर अत्याचाराची चित्रफीत ग्रुपवर येते, खाली लिहिलेले असते, ‘या नराधमाला शोधा, पकडेपर्यंत पुढे पाठवा.’ संतापाने माणसे ती पुढे पाठवतात. प्रत्येक वेळी त्या मुलाचा चेहरा आणखी शंभर फोनांत शिरतो. कायद्यात पाठवण्याला सूट आहे ती फक्त कळवण्यासाठी आणि न्यायालयात पुरावा म्हणून देण्यासाठी. संताप खरा असला तरी हे करू नका. केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही तक्रार करता येते, मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. तिथे कळवा आणि मग आपल्याकडची प्रत नष्ट करा.

महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ खासदार जातात, गोव्यातून दोन. आपल्या खासदाराला पत्र लिहा आणि त्याचे लेखी उत्तर मागा: मुलांवरच्या अत्याचाराचे चित्रण बाळगण्याला पाच हजार रुपये दंड पुरेसा आहे असे तुम्हाला वाटते का, आणि ते शोधण्याचे व इथल्या पोलिसांना कळवण्याचे कंपन्यांचे कर्तव्य संसदेच्या कायद्यात आणण्यासाठी तुम्ही काय करणार आहात?